‘आजवर कांहीं झालें नाहीं’

मनुष्य आपल्या नित्याच्या वस्तूंतील दोषांशीं कशी तडजोड करतो हें पाहण्यासारखें असतें. वाड्याच्या दाराची कडी नीट बसेनाशी झाली म्हणजे दार किंचित् उचलून ती लावण्याची युक्ति घरांतल्या सर्वांच्या हाताला आपोआप येते. कांहीं दिवसांनीं ही युक्ति आहे हें देखील कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. पाहुणा आला आणि त्याला कडी लावतां आली नाहीं, म्हणजे मात्र “जरा उचलून लावा” असें त्यास सांगावें लागतें. दोष दाराचा असतो, पण तो सांभाळून घेण्याचें कसब आमच्या अंगीं आलेलें असतें, व त्या कसबाआड दोष झांकून जातो. कडीपुरतें पाहिलें तर यांत कोणाचें नुकसान नाहीं. परंतु हीच संवय मोटारीच्या ब्रेकपर्यंत जाऊन पोंचली म्हणजे तिला वेगळेंच स्वरूप येतें. तेव्हां प्रश्न उभा राहतो तो असा: एखादा दोष सांभाळून घेण्याचें कौशल्य आपल्यापाशीं आहे, एवढ्यावरून तो दूर करण्याच्या कर्तव्यांतून आपली सुटका होते काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो जुन्या मोटारींच्या हौसेवरून. नांदेड काय किंवा लातूर काय, मराठवाड्यांतील जिल्ह्यांच्या ठिकाणीं एके काळीं पांढरी अँबॅसडर ही अधिकाराची व प्रतिष्ठेची खूण होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांत तिचें उत्पादन मे २०१४ मध्यें थांबलें. कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्या पुष्कळ आधीं बंद झाली होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवसहि ऑक्टोबर २०२३ मध्यें येऊन गेला. आतां अशा गाड्या ज्यांच्यापाशीं उरल्या आहेत त्यांनीं त्या गरजेपेक्षां जिव्हाळ्यानेंच अधिक राखलेल्या असतात. कोणाला तींत वडिलांची आठवण असते, कोणाला आपल्या वरातीची. अशा गाडींत बसण्याचा योग आला म्हणजे मालक पुष्कळदां एक वाक्य सहज बोलून जातो: “ब्रेक तेवढा दोनदां मारावा लागतो, बाकी गाडी एकदम ठणठणीत आहे.” आणि कोणी शंका घेतलीच, तर दुसरें वाक्य तयार असतें: “आजवर कांहीं झालें नाहीं.” या दोन वाक्यांचाच विचार येथें करावयाचा आहे.

पहिल्या वाक्याचा अर्थ नीट कळण्यासाठीं ब्रेकची रचना थोडीशी पाहिली पाहिजे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सिद्धान्त फ्रेंच तत्त्वज्ञ पास्काल यानें सतराव्या शतकांत मांडला. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्यें प्रसिद्ध झाला. चारी चाकांस या तत्त्वावरचे ब्रेक असलेली मोटार बाजारांत येण्यास मात्र १९२१ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडीस ते प्रथम बसविण्यांत आले. पायाखालच्या पेडलचा दांडा एका नळकांड्यांतील दट्ट्यास पुढें ढकलतो. या नळकांड्यास मास्टर सिलिंडर म्हणतात. दट्ट्याच्या तोंडाशीं एक रबरी वाटी असते. तिची कड नळकांड्याच्या आंतल्या भिंतीस घट्ट चिकटून राहते, म्हणून द्रव मागें न फिरतां नळ्यांवाटें चाकांकडे जातो आणि तेथील ब्रेक-शू ड्रमवर दाबले जातात. चारी चाकांचें थांबणें अशा रीतीनें साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या एका रबरी वाटीवर अवलंबून असतें.

या द्रवास आपल्याकडे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण तें तेल नव्हे. अगदीं सुरुवातीच्या काळीं एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण वापरीत. सध्यांचा सामान्य द्रव ग्लायकॉल वर्गाच्या रसायनांपासून करतात. नांवाला भुलून कोणी त्यांत इंजिनाचें ऑइल ओतलें, तर रबर फुगून निकामी होतें. ग्लायकॉलचा स्वभाव हवेंतील ओलावा शोषून घेण्याचा आहे. डॉट ३ या जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा असें मानक आहे. पण त्यांत शेंकडा पावणेचार भागांच्या सुमारास पाणी मुरलें कीं तो १४० अंशांपर्यंत उतरूं शकतो. या पाण्यानें नळकांड्याच्या आंत गंज धरतो व भिंतीस बारीक खड्डे पडतात. हौसेची गाडी महिनेच्या महिने एका जागीं उभी असते, म्हणून तिच्यांत हें अधिक घडतें. खड्ड्यांवरून घांसून वाटीची कड फाटते, आणि द्रव चाकांकडे जाण्याऐवजीं त्या कडेवरून मागें परततो. बाहेर एक थेंबहि सांडत नाहीं. जमीन कोरडी, टांकी भरलेली, आणि पेडल मात्र खालीं चाललेलें, असा हा दोष आहे.

दोनदां दाबावें लागण्याचीं कारणें अर्थात् एकाहून अधिक असतात. ड्रम व शू यांमधील अंतर वाढलेलें असेल, नळ्यांत हवा शिरली असेल, किंवा मास्टर सिलिंडर गेला असेल. जाणता उस्ताद पेडल पायानें स्थिर दाबून धरतो. कोठेंहि गळती नसतां तें हळूहळू खालीं सरकत गेलें, तर दोष मास्टर सिलिंडरचा असें तो सांगतो. मग तो मालकापुढें दोन मार्ग ठेवतो. नुसतीं रबरें बदलण्याचें किट स्वस्त पडतें. परंतु नळकांड्यास खड्डे पडले असतील तर नवें रबरहि त्याच खड्ड्यांवर घांसणार, म्हणून संपूर्ण सिलिंडर बदलणें हाच खरा इलाज. नेमक्या या ठिकाणीं मालकाचें दुसरें वाक्य येतें, आणि काम पुढच्या महिन्यावर जातें.

‘आजवर कांहीं झालें नाहीं’ हें विधान खोटें नसतें. तें बोलणारा मनुष्यहि लबाड नसतो. हजारों वेळां गाडी थांबली हें अगदीं खरें आहे. पण त्यांपैकीं बहुतेक वेळां ती कोठें थांबवावयाची हें चालविणाऱ्यानेंच आधीं ठरविलेलें होतें. घरासमोर, पेट्रोल पंपावर, रेल्वेच्या फाटकाशीं थांबतांना दोनदां दाबण्याइतका अवकाश असतोच. ब्रेकची खरी कसोटी ज्या थांबण्यांत आहे, तें ठरविणारा दुसराच कोणी असतो. नांदेडास सचखंड गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर देशभरांतून आलेले यात्रेकरू पायीं चालत असतात. त्यांस गांवचे रस्ते परिचित नसतात. लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात; हातगाडीमागून धांवत निघालेलें पोर त्यांपैकीं कोणत्या रस्त्यावर येईल हें कोण सांगणार? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर यांवरून लातुरास जातांना वाटेंत माळेगांव लागतें. तेथें खंडोबाच्या यात्रेंत जनावरांचा मोठा बाजार भरतो, आणि बुजलेला घोडा रस्त्यावर येण्यापूर्वीं वर्दी देत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत १६-१७ मीटर पुढें जाते. पाय उचलून पुन्हां दाबण्यास अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यांत ८ मीटर गेले. समोरचें पोर तेवढ्याच अंतरावर असेल, तर २० वर्षांच्या अनुभवाचा तेथें कांहींहि उपयोग नाहीं. कारण तो अनुभव अशा थांबण्याचा नव्हताच.

अनुभवाच्या या मर्यादेचा धडा लातूर जिल्ह्यास फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहांटे किल्लारी व आसपासच्या गांवांत भूकंप झाला, आणि हजारों माणसें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं व माळवदांखालीं गाडलीं गेलीं. त्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या होत्या. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हा समज ऊन, पाऊस व चोर यांच्या अनुभवावर बसलेला होता, आणि त्यांच्यापुरता तो खराहि होता. देशाच्या भूकंपविषयक नकाशांतहि तो भाग त्या वेळीं सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणींत होता. ती श्रेणीच पुढें २००२ च्या सुधारणेंत रद्द करण्यांत आली. १९९२ मध्यें तेथें लहान धक्के जाणवले होते, परंतु त्यांच्यामागून काय येणार आहे हें कोणी सांगूं शकलें नाहीं. शास्त्रज्ञांस जें दिसलें नाहीं तें शेतकऱ्यास दिसावयास हवें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. हा प्रसंग व मोटारीचा ब्रेक या दोन गोष्टी आम्ही शेजारीं मांडतों त्या त्यांतील भेद दाखविण्यासाठीं. किल्लारीच्या माणसांस धोक्याचें खरें स्वरूप ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असतें तरी राहतें घर पाडून नवें बांधण्याची ऐपत बहुतेकांस नव्हती. दोनदां ब्रेक दाबणाऱ्यास आपला दोष ठाऊक आहे. त्याचा पाय रोज त्याची साक्ष देतो. अज्ञान व असामर्थ्य या दोन्ही सबबी त्याला उरत नाहींत.

इंग्लंडांतील गणिती व तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड यानें १८७७ मध्यें विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक येतो. जहाज जुनें आहे, त्याला दुरुस्तीची गरज असावी, अशी शंका त्याच्या मनांत येते. पण तें इतक्या सफरींतून सुखरूप परतलें आहे असें मनास बजावून तो ती शंका दडपतो व प्रवाशांसह जहाज समुद्रांत सोडतो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, जहाज बुडालें तर तो दोषी आहेच, पण न बुडतां परत आलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता; कारण विश्वास बाळगण्याचा अधिकार त्यानें प्रामाणिक चौकशीनें मिळविलेला नव्हता. हें मत आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या मोटारमालकाची अवस्था त्या जहाजमालकाहून निराळी, व एका अर्थीं अधिक कठीण आहे. जहाजमालकाला शंका आली होती, ती दडपण्यास त्याला प्रयत्न करावा लागला. आमच्या गृहस्थास शंका येतच नाहीं. दोनदां दाबण्याचें कसब पायांत भिनल्यामुळें दोष त्याला दोषासारखा भासेनासा झाला आहे. इतकेंच नव्हे, तर आपण आपली गाडी किती ओळखतों याचा तो पुरावा वाटूं लागला आहे. “ही गाडी माझ्यावांचून कोणाच्या हातीं चालत नाहीं,” हें तो अभिमानानें सांगतो. वास्तविक हें वाक्य गाडीविरुद्ध दिलेली साक्ष आहे. शंका दडपणाऱ्यास निदान शंकेची टोंचणी असते. कसब अंगीं आलेल्यास तीहि नसते. म्हणून आमच्या मतें येथें मनुष्यानें आपले विश्वास तपासण्यापूर्वीं आपल्या संवया तपासल्या पाहिजेत.

यावर एक उत्तर नेहमीं मिळतें. जहाजमालक किनाऱ्यावर राहिला. आम्ही तर स्वतः गाडींत बसतों, आमचीं मुलेंबाळें बसवितों. आम्हांला जिवाची पर्वा नाहीं काय? या उत्तरांत प्रामाणिकपणा आहे, पण न्याय नाहीं. स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे हा वाद क्षणभर बाजूस ठेवूं. तो अधिकार पूर्ण मानला तरी आपल्या धोक्यांत दुसऱ्यास वांटेकरी करण्याचा अधिकार त्यांतून निघत नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या माणसानें त्या गाडीच्या हौसेंतला आनंद भोगलेला नाहीं, वांचलेल्या पैशांत हिस्सा घेतलेला नाहीं, आणि ब्रेक दोनदां दाबावा लागतो हें त्यास कोणी सांगितलेलेंहि नाहीं. तो रस्ता ओलांडतो तो एका अलिखित करारावर: येणाऱ्या गाडीस ब्रेक आहे आणि तो दाबला असतां लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १९० वें कलमहि हेंच तत्त्व धरून चालतें. जो दोष चालविणाऱ्यास ठाऊक आहे, किंवा साधारण काळजी घेतली असतां ठाऊक झाला असता, आणि ज्यामुळें रस्त्यावरील लोकांस धोका उत्पन्न होतो, असा दोष असलेलें वाहन सार्वजनिक जागीं चालविणें हाच तेथें अपराध मानला आहे. त्यासाठीं अपघाताची वाट कायदा पाहत नाहीं.

आणखी दोन आक्षेप आहेत, व ते अधिक वजनदार आहेत. पहिला गरिबीचा. खेड्यापाड्यांतून उतारू नेणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपचा चालक दुरुस्ती पुढें ढकलतो तेव्हां दिवसाची कमाई बुडण्याची भीति त्याच्यासमोर असते. त्याच्या जीपमधील उतारूहि गरीबच असतात, त्यामुळें धोका कमी होत नाहीं. तथापि त्याला बोल लावण्यापूर्वीं त्याची निकड पाहिली पाहिजे, आणि त्याच्या जीपवर ज्यांचें दळणवळण चालतें त्या सर्वांनीं त्या निकडींतला आपला वांटा ओळखला पाहिजे. हौसेच्या गाडीला ही सबब लागूं पडत नाहीं. जी गाडी महिनाभर दारांत उभी राहिली तरी घरांतली चूल पेटते, तिच्या मालकानें निकडीचें नांव घेऊं नये.

दुसरा आक्षेप जुन्याविषयींच्या निष्ठेचा. जुन्या वस्तूचें मोल तिच्या मूळ भागांत आहे, आणि एकेक भाग बदलत गेलें तर शेवटीं उरतें काय, असें हौशी माणसें विचारतात. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजास त्याच्या रथाविषयीं अशाच जातीचे प्रश्न करतो: चाकें म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय? त्यांतील कोणताहि एक भाग रथ नव्हे, त्या सर्वांच्या एकत्र असण्यामुळें रथ हें नांव पडतें, असें तेथें निष्पन्न होतें. त्याला आम्ही एवढेंच जोडूं कीं, मोटार हें नांव ज्या रचनेला पडलें तींत थांबतां येणें हेंहि येतें. जिचा प्रत्येक भाग मूळचा आहे पण जिला थांबतां येत नाहीं, ती मूळची मोटार नव्हे; करणाऱ्यानें ती थांबणारी म्हणूनच केली होती. शिवाय या निष्ठेसाठीं कारागिरांनीं वाटहि काढून ठेवली आहे. जुन्या सिलिंडरचें अंग तसेंच ठेवून आंतील भोंक मोठें करतात व त्यांत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नवी नळी बसवितात. तेंहि जमत नसेल तर जुना सिलिंडर पुसून कपाटांत ठेवावा. आठवणीचें काम तो तेथूनहि करील. ब्रेकचें काम नव्याकडे द्यावें.

यंत्रशास्त्रानें तर ‘आजवर’ या शब्दावर विसंबणें केव्हांच सोडलें. जुन्या गाड्यांत सामान्यतः द्रवाचा एकच मार्ग असे. तो गेला कीं चारी चाकें मोकळीं. पुढें एकाच नळकांड्यांत दोन दट्ट्ये ठेवून दोन स्वतंत्र मार्ग करण्याची रीति आली, आणि अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींस अशी विभागलेली रचना सक्तीची झाली. एक मार्ग फुटला तरी दुसरा कांहीं चाकें धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांवर असा प्रसंग कधींच येत नाहीं हें नियम करणाऱ्यांस ठाऊक होतें. तरीहि क्वचित् येणाऱ्या त्या प्रसंगासाठीं त्यांनीं सर्व गाड्यांत तरतूद करविली. एकमार्गी जुन्या गाडीच्या मालकावर ही जबाबदारी अधिकच येते, कारण त्याच्या पाठीशीं दुसरा मार्ग नाहीं.

सिलिंडर बदलण्याचें काम तसें पाहतां फार मोठें नाहीं. आंतील द्रव काढून, नळीची जोडणी सोडवून व नट काढून जुना भाग बाहेर घ्यावयाचा. नवा बसवितांना पेडलचा दांडा आणि दट्ट्या यांमध्यें अगदीं थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती न ठेवली तर दट्ट्या पूर्ण मागें येत नाहीं, तापून फुगलेल्या द्रवास टांकीकडे परतण्याचें बारीक छिद्र बंद राहतें, आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. मग नळ्यांतील हवा काढावयाची, कारण हवा दाबली जाते आणि दाब तिच्यांतच जिरून जातो. हें काम बहुधा दोघांनीं करावयाचें असतें. एकजण पेडलवर पाय ठेवून बसतो, दुसरा चाकाशीं वांकून हवा सोडण्याचा लहान स्क्रू उघडतो व मिटतो. “दाब,” “धरून ठेव,” “सोड,” असे शब्द आळीपाळीनें चालतात. चाकाशीं असलेल्यास पेडल दिसत नाहीं, पेडलवरच्यास चाक दिसत नाहीं. आणि स्क्रू उघडा असतां पाय सुटला तर हवा पुन्हां आंत शिरते. प्रत्येकानें दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावयाचें आणि आपला शब्द खरा करावयाचा. मोटार चालविणारा आणि रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य यांच्यामधील तो अलिखित करार येथें दोन माणसांच्या तोंडून प्रत्यक्ष उच्चारला जातो.

नवा सिलिंडर बसल्यावर ब्रेक पहिल्याच दाबास लागूं लागतो, तरी जुन्या चालकाचा पाय कांहीं दिवस दुसऱ्यांदां दाबावयास जातच राहतो. भाग एका दिवसांत बदलतो. संवय जाण्यास त्याहून अधिक काळ लागतो. वस्तूच्या दोषाबरोबर मनुष्यहि किती वांकलेला असतो हें त्यावरून कळतें. कोणता दोष सांभाळून घ्यावा व कोणता विलंब न लावतां दूर करावा, याची आम्हांस एक सोपी कसोटी सुचते. ती वस्तु परक्याच्या हातीं द्यावयाची झाल्यास सोबत एखादी सूचना द्यावी लागेल काय, आणि ती सूचना द्यावयाची राहून गेली तर इजा कोणास होईल? कडीची सूचना राहिली तर पाहुणा दारांत घटकाभर खोळंबेल. ब्रेकची सूचना ज्याला मिळावयास हवी तो मनुष्य गाडींत बसलेलाच नसतो. तो रस्त्यावर असतो, आणि आपला शब्द त्याच्यापर्यंत वेळेवर पोंचविण्याचा कोणताहि उपाय नाहीं. त्याच्यासाठीं आपण करूं शकतों तें एवढेंच कीं, त्याला कांहीं सांगण्याची गरजच पडूं नये. ब्रेक पहिल्या दाबास लागावा.